अकरा माणसांचा दगड

साहेबराव ओव्हाळ खड्डा खणायला बसला की घरची मंडळी जेवायला त्याची वाट बघायचं सोडून द्यायची. बाकीचं जग खड्डा उभं राहून खणतं. साहेबराव उकिडवा बसायचा. एका हातात खुरपी, दुसऱ्या हातात रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश. खुरपीनं बोटभर माती खरवडायची, ब्रशनं झाडायची, मान वाकडी करून बघायची, की परत बोटभर.

ही खोड त्याला इनामगावात लागली. साहेबराव तरणा होता तेव्हा तिथं पुण्याची शिकलेली माणसं जमीन उकरायला यायची. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, रांजण असं काय काय निघत होतं. आपल्या चिंचखेडीचा साहेबराव तिथं मजुरीला गेला आणि पाच-सहा हंगाम तिथंच रमला. कुदळ नेटानं मारायची नाही, हे तो तिथं शिकला. सापडलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या, हेही शिकला. काय सापडलं, कुठं सापडलं, कोणत्या थरात सापडलं. जमिनीला थर असतात, वरचा थर नवा आणि खालचा जुना, हे त्यानं गावात येऊन इतक्यांदा सांगितलं की पोरंसुद्धा त्याला बघितलं की "थर आला, थर आला" म्हणून पळायची.

बरं, उत्खनन संपलं तरी ह्याचं संपलं नाही. घरोघरी संडास बांधायची योजना आली तेव्हा सगळ्या आळीचे खड्डे दोन दिवसांत झाले. साहेबरावच्या खड्ड्याला चार महिने लागले. त्यातून त्यानं सतरा खापरं, एक बांगडीचा तुकडा आणि सोड्याच्या बाटलीची तीन बुचं काढली. बुचांनासुद्धा चिठ्ठ्या लावल्या. त्याची बायको नकुशी, तोंडाची फटकळ पण मनाची लाख मोलाची बाई, ती नदीवर बायकांना सांगायची, "आमच्या घरी संडास न्हाई गं बया, पन थर पाच हायेत!"

तर असा हा माणूस सन दोन हजार एकमध्ये चिंचखेडीच्या नदीकाठच्या बागेचा माळी-कम-वॉचमन झाला.

बाग कसली, घोडनदीच्या काठाला ग्रामपंचायतीचं दोन एकर बाभळीचं रान. सरपंच हौसरावआप्पांनी तालुक्याला खेटे घालून घालून योजना आणली होती. घाट, बाकडी, सिमेंटची छत्री, शोभेची झाडं आणि मधोमध एक ऐतिहासिक स्मारक. मेख त्या स्मारकात होती. स्मारक नसेल तर पैसे नाहीत. आता चिंचखेडीत इतिहास कुठून आणायचा? गावात कधी लढाई झाली नव्हती. कुणी राजा मुक्कामाला थांबला नव्हता. एक संत येऊन गेले असं म्हणत, पण ते शेजारच्या गावात जेवून इथं फक्त पाणी प्यायले होते.

"साहेबराव, लेका तू येवढा उकरतोस," सरपंच म्हणाले, "एक स्मारक तेवढं उकरून काढ की."

"आप्पा, सापडतंय ते काढता येतंय. पायजे ते काढता येत न्हाई," साहेबराव म्हणाला आणि गुलमोहराच्या खड्ड्यात परत ब्रश फिरवायला लागला. तोवर आणलेले चाळीस गुलमोहर पिशवीतच वाळून गेले होते.

स्मारक सापडलं ते खड्ड्यात नाहीच. घाटाच्या पायऱ्या करायच्या म्हणून गवंड्यांनी नदीकाठचा धुण्याचा दगड हलवायला घेतला. चांगला दोन हात लांब, हातभर रुंद, गुळगुळीत दगड. नकुशी लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्यावरच धुणं आपटत होती. चौघांनी पहार लावली, दगड उताणा झाला, आणि चिखलानं भरलेल्या खालच्या बाजूवर अक्षरं दिसली.

"थांबाऽ! हात लावू नगा!" साहेबराव असा ओरडला की एका गवंड्यानं पहार स्वतःच्या पायावर सोडली.

दीड तास ब्रश चालला. मग अख्खं गाव जमलं आणि शाळेच्या गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. 'या गावातून अकरा माणसे महायुद्धावर गेली. सन १९१४ ते १९१९.' एवढंच. नावं नाहीत, गावं नाहीत, काही नाही.

म्हातारे भिमाजीआबा कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं हा तर चावडीतला दगड! चावडी पडली तवा गेला त्यो. कुनीतरी चांगली फरशी दिसली म्हनून नदीवर आनून टाकला आसंल."

सगळे बोलत होते. साहेबराव मात्र खाली बसला तो उठलाच नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तो पुसतही नव्हता.

त्याचं असं होतं. साहेबरावचा आजा गेनू लढाईवर खेचरं घेऊन गेला होता, बोटीत बसून, अरबांच्या मुलखात, पार बसऱ्याला. असं त्याची आजी सोजराबाई मरेपर्यंत सांगायची. "चावडीत दगड लावलाय सरकारनं त्यांच्यासाठी," असंही सांगायची. पण तोवर चावडी पडून दगड गायब झाला होता, आणि वेशीबाहेरच्या घरातला माणूस सरकारच्या बोटीत बसून परमुलखात गेला हे गावाला पटायचं नाही. लोक हसायचे. ह्या घराचं नावच 'बसरा' पडलं. शाळेत पोरं साहेबरावला विचारायची, "ए बसऱ्या, तुझ्या आज्याचा उंट कुठं बांधलाय?" त्याला लाज वाटायची. मग आजीच्या बोलण्याची आपल्याला लाज वाटली, म्हणून त्याहून जास्त लाज वाटायची. म्हातारी गेली, पण ते कुसळ काही निघालं नव्हतं. आणि आज दगड निघाला होता. म्हातारी खोटं बोलत नव्हती.

सरपंचांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. हाच दगड बागेत मधोमध उभा करायचा, त्याखाली नवा काळा दगड बसवायचा आणि त्याच्यावर अकराजणांची नावं कोरायची. ज्यांचे आजे-पणजे गेले असतील त्यांनी ग्रामपंचायतीत नावं द्यावीत. भोंग्यावरून तीन वेळा पुकारलं.

पहिलं नाव साहेबरावनं लिहिलं, गेनू ओव्हाळ. मग आठ दिवसांत यादी झाली सत्तेचाळीसची.

आता काय म्हणावं! लढाईला जाताना नव्हती तेवढी गर्दी लढाईनंतर ऐंशी वर्षांनी झाली. ज्यांच्या आज्यानं उभ्या जन्मात शिरूरचा बाजार बघितला नव्हता, त्यांचेही आजे तोफा ओढून आले. दोन सख्ख्या भावांनी वेगवेगळे आजे दिले. एकानं तर आजीचं नाव दिलं, म्हणे ती फार भांडखोर होती.

हौसरावआप्पा मुरलेले गडी. अकरा निवडले तर छत्तीस घरं मतं देणार नाहीत, हे त्यांनी बोटांवर मोजलं. मग ते गालात हसत म्हणाले, "पुराव्याचं काम पुराव्याच्या मानसानं करावं. साहेबराव ठरवंल." म्हणजे शिव्याही साहेबरावच खाईल.

साहेबराव बागेतल्या छत्रीखाली बसला. समोर ब्रश, चिठ्ठ्या आणि दोरा. "ज्यो त्यो बोलंल ते ऐकनार न्हाई," तो म्हणाला. "वस्तू दावा. वस्तूवर नाव पायजे, न्हाईतर नंबर, न्हाईतर साल."

मच्छिंद्र तलवार घेऊन आला. साहेबरावनं ब्रश फिरवला तर वरचा चंदेरी रंग उडून खाली तेलाच्या डब्याचा पत्रा निघाला. त्याच्यावर शेंगदाण्याचं चित्रही शाबूत होतं. मच्छिंद्र म्हणाला, "त्या काळात तलवारीवर छापायचे तसं." साहेबरावनं चिठ्ठी लिहिली, 'सोंगाची तलवार, जत्रा, थर पहिला.'

भिमाजीआबांनी आज्याची कुबडी आणली. "आज्याला एक पाय नव्हता हे गावाला ठावं हाय."

"आबा, त्यो बैलगाडीखाली गेला हे बी गावाला ठावं हाय," साहेबराव म्हणाला. आबांनी तीच कुबडी उगारली.

मग महबूब शिंपी आला. हा साहेबरावचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं खाकी कोट पुढं केला, भारी कडक, पितळी बटणांचा. "आमचे दादामियाँ ह्याच कोटात गेलते बघ."

साहेबरावनं अस्तर उलटं केलं, ब्रश फिरवला आणि कोट महबूबच्याच हातात दिला. "महबूब, तू शिंपी हायेस. तूच बघून सांग, ही शिलाई कवाची?"

महबूबनं चष्मा लावला. शिलाई बघितली, परत बघितली, आणि त्याचा चेहरा पडला. "आयला, टाका तर माझाच हाय! आमच्या पोराच्या, इम्तियाजच्या गॅदरिंगला मीच शिवला की रं!"

छत्रीखाली हसून हसून लोक लोळले. पण तासाभरानं महबूबची बायको शहाबानो स्वतः तरातरा चालत आली, हातात मशीनच्या ड्रॉवरमधला पिवळा पडलेला कागद. "असली चीज घरात आन् हे कोट नाचवत्यात," ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली. "सासूनं मला जपायला दिलता. ह्यांनी कवा इचारलं बी न्हाई." पेन्शनचा कागद होता तो, दादामियाँच्या नावाचा, पलटणीच्या शिक्क्यासकट. साहेबरावनं त्याला हातसुद्धा हळू लावला. पहिलं नाव पक्कं झालं.

पाच दिवसांत असे तीन निघाले. महबूबचे दादामियाँ, एका घरातलं बिल्ल्यासकटचं मेडल, एका घरातलं टपालाच्या शिक्क्याचं पत्र. बाकीचे पुरावे म्हणजे जर्मनचे तांबे, रेल्वेचा कंदील आणि एक वीतभर दाढी.

सगळ्यात शेवटी सरपंच आले, आज्याचा फोटो घेऊन. फेट्यातला, मिशांचा, फ्रेमची काच चकचकीत पुसलेली. आता बघा, साहेबराव तात्पुरता वॉचमन होता, आणि त्याला कायम करायचा कागद ह्याच माणसाच्या खिशात होता. अख्खं गाव छत्रीभोवती गोळा झालं.

साहेबरावनं फोटो पुसला, मागून बघितला, आणि खाली ठेवला. "आप्पा, तुमच्या मळ्यात आज्याची समाधी हाय. तिच्यावर जन्म एकोणीसशे बारा ल्हिलाय. तुम्हीच कोरून घेतलाय."

"मग?"

"लढाई चौदाला लागली. दोन वर्सांचं पोरगं रांगत गेलं का बसऱ्याला?"

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती नव्हती. सरपंचांचे कान लाल झाले. ते हळू आवाजात म्हणाले, "आसं का? बरं. यादीत पयलं नाव कुनाचं हाय रं? गेनू ओव्हाळ. त्याचा पुरावा काय?"

साहेबरावनं दगडाकडं बोट केलं.

"दगड निघाला हा पुरावा न्हवं. दगडावर नाव न्हाई. तुझी आजी बोलायची हा बी न्हवं. बोलनं ऐकनार न्हाई, हे तूच म्हनलास."

खरं होतं ते. त्याच्या जिवाला फार लागलं, पण खरं होतं. आजी सांगायची, एवढंच होतं त्याच्याकडं, आणि तसं तर सत्तेचाळीस घरांत आज्या होत्या. साहेबरावनं कानावरचं पेन काढलं, आणि आपल्या हातानं गेनू ओव्हाळ ह्या नावावर रेघ मारली. मग ब्रश खिशात घालून तो घरी निघाला. सरपंचांनाच उलट कसंतरी झालं. ते मागून म्हणाले, "आरं आसं न्हाई, मी आपलं…" पण साहेबराव थांबला नाही.

घरी तो जेवला नाही. नकुशीचं डोकं आधीच फिरलेलं होतं, कारण बागेच्या नादात तिचा धुण्याचा दगड गेला होता, आणि आता ती एका डुगडुगत्या धोंड्यावर धुणं धुवायची. तरी त्या दिवशी तिनं दगडाचं नावही काढलं नाही, त्याच्या वाटणीची भाकरी तेवढी झाकून ठेवली.

सकाळी नकुशी उंबऱ्यावर बसून मिसरी लावत होती. बोट दातांवर, शेजारी मिसरीची डबी. दात घासता घासताच तिनं विचारलं, "अवो, पुरावा पुरावा म्हंजी नेमकं काय लागतंय तुम्हाला?"

"वस्तू लागती. आज्याची. जिच्यावर नाव हाय, न्हाईतर साल, आकडा, कायतरी."

"आकडे व्हय?" नकुशी चूळ भरून म्हणाली. "ह्या डबीवर हायेत की आकडे. जयंतीला चिंचेनं घासते तवा बोटाला लागत्यात."

साहेबरावनं मान वळवली. ती डबी तो अठ्ठावीस वर्षं रोज बघत होता. "ही कुनाची?"

"सासूबाईंनी दिलती. त्यांना आजेसासूनं दिलती. मिसरी ह्याच डबीत ठिवायची, दुसऱ्या कशात न्हाई, आन् कुनाला द्यायची न्हाई, आसं बजावून गेल्या."

साहेबराव असा झेपावला की नकुशीला वाटलं ह्याला झटका आला. ब्रश निघाला. काळं किटण झडत गेलं. पितळेच्या झाकणावर एक बाई दिसायला लागली, केस वर बांधलेली, गोऱ्या लोकांतली, आणि तिच्याखाली आकडे. एक, नऊ, एक, चार. लढाईवरच्या माणसांना सरकारनं वाटलेली डबी होती ती.

"थांबा! माझी मिसरीऽ!" नकुशी ओरडेपर्यंत त्यानं डबी कागदावर पालथी केली होती. आतल्या तळाला खिळ्यानं ओरखडून वेडीवाकडी अक्षरं काढली होती. गेनू. आणि पुढं पलटणीतला असावा तसा एक नंबर.

साहेबराव मोठ्यानं रडला. पन्नाशीचा माणूस, उंबऱ्यावर बसून, लहान पोरासारखा रडला. "माझ्या आयला! आख्खं इनामगाव उकरलं मी! संडासात चार महिने घातले! आन् म्हातारा हितं फळीवर बसलेला!"

"मला इचारायचं हुतं," नकुशी म्हणाली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, मिसरीनं काळं झालेलं.

पण साहेबराव तो साहेबराव. छत्रीखाली जाऊन त्यानं ब्रश महबूबच्या हातात दिला आणि स्वतः समोर उकिडवा बसला. आपला पुरावा आपण तपासायचा नसतो. महबूबनं दोस्तीची ओळखच दाखवली नाही. डबी उलटीपालटी केली, चष्म्याजवळ नेली, सरपंचांना दाखवली, वास घेऊन शिंकला, आणि चिठ्ठी पुढं ओढली.

"काय सापडलं?"

"आज्याची डबी. पितळंची."

"कुठं सापडली?"

"नकुशीच्या फळीवर."

"थर कोनता?"

साहेबरावनं खाली मान घातली. "सगळ्यात वरचा."

सरपंचांनी यादी मागवली आणि रेघ मारलेलं नाव आपल्या हातानं परत लिहिलं. एवढं मात्र मोठं मन होतं त्या माणसाचं, उगाच नावं का ठेवा.

आता नावं झाली चार. दगड कोरणारा म्हणाला, उरलेल्या सात ओळींचं काय करू? सरपंच म्हणाले भरून टाकू कशाही. साहेबराव म्हणाला, "इनामगावात जे ठावं नव्हतं ती जागा आम्ही मोकळी ठिवायचो. न्हाई ठावं तर न्हाई ल्हियायचं."

हौसरावआप्पांनी परत बोटांवर घरं मोजली. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भोंगा हातात घेतला आणि पुकारलं, "गावकऱ्यांनो, ज्यांचे पुरावे काळानं खाल्ले, त्यांच्यासाठी सात ओळी मोकळ्या ठिवल्या हायेत!" झालं! उरलेले त्रेचाळीस आजे त्या सात ओळींत गुण्यागोविंदानं मावले. मच्छिंद्र आजही पाहुण्यांना पाचवी ओळ दाखवून सांगतो, हे आमचे. भिमाजीआबा सहाव्या ओळीवर हार घालतात. सरपंच सातवीपुढं उभे राहून फोटो काढतात. भांडण नाही, तंटा नाही. साहेबराव फक्त म्हणतो, "पुरावा आना, कोरून देतो."

उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले, फीत कापली, चहा पिऊन गेले. साहेबराव कायम झाला. गर्दी पांगल्यावर नकुशी आली, नवं लुगडं नेसून. तिला वाचता येत नव्हतं. साहेबरावनं तिचं बोट धरून काळ्या दगडावरच्या चौथ्या ओळीवर ठेवलं आणि हळूहळू फिरवलं.

"हे गेनू. हे ओव्हाळ."

नकुशीनं नाव दोनदा चाचपलं. मग तिनं वर बघितलं. वर तो जुना दगड उभा होता, अक्षरांची बाजू पुढं करून. ती वळसा घालून पाठीमागं गेली. मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. त्या गुळगुळीतपणावर तिनं हात ठेवला, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"अठ्ठावीस वर्सं मी ह्याच्यावर धुनं आपटलं," ती म्हणाली. "आन् आजेसासरे खाली हुते व्हय! मला ठावं आसतं तर जरा हळू आपटलं आसतं."